सरदातले चाळीस किलोमीटर

सकाळी सहाला गोव्यातल्या डिचोलीच्या बसस्टँडसमोर आम्ही पाचजण जमलो तेव्हा अंधार पुरता गेला नव्हता आणि वहिनींच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा ठणठणीत होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे दिवाडीवर त्याच चाकाने आमचा तासभर घेतला, आणि त्या तासासाठीच मी आज लिहायला बसले आहे. तो तास, आणि नंतर चोडणातला अर्धा तास.

दसरा झाला की आमची ही फेरी ठरलेली. डिचोलीहून मये, मयेहून नार्वे. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेट, ते ओलांडून दुसऱ्या बोटीने जुनं गोवं, तिथून रायबंदर, रायबंदरहून तिसरी बोट चोडण बेटावर, आणि चोडणातून पूल ओलांडून परत मये, डिचोली. चाळीसेक किलोमीटर होतात. मांडवी तीनदा ओलांडायची आणि तिन्ही वेळा बोटीवर सायकलला टेकून उभं राहायचं. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी हा रस्ता धरू नये. दोन बोटींच्या मध्ये कितीही पळवलीत तरी धक्क्यावर जाऊन थांबायचंच आहे.

हाच मोसम का, असं मला दुकानात येणारे लोक विचारतात. (माझं औषधांचं दुकान आहे, रविवारी बंद असतं.) ऑक्टोबर म्हटला की उकाडा, घाम, दुपारी गडगडाट, कशाला त्या उन्हात जाता, थंडी पडल्यावर जा. पण थंडी पडेपर्यंत शेतं रिकामी झालेली असतात. आमच्याकडे पावसाळी भाताला सरद म्हणतात आणि पाऊस सरल्यावर पाण्यावर घेतात त्या पिकाला वायंगण. सरद म्हणजे शरदच. पेरणी मृगात होते, लावणी आषाढात, आणि पिकाला नाव मात्र ते हातात येण्याच्या ऋतूचं. हे लहानपणापासून तोंडात असलेले शब्द, पण सरदमधला शरद मला दिसला तो चाळिशी ओलांडल्यावर, सायकलवर बसून, मयेच्या उतारावर पिवळ्या शेतांकडे बघताना. आश्विनाचे ते दोन-तीन आठवडे असे असतात की एकाच वळणावर एक शेत उभं असतं, दुसरं आडवं झालेलं असतं आणि तिसऱ्यातलं भात रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर वाळत पडलेलं असतं. मोटारीतून ते नुसतं पिवळं दिसतं. सायकलवरून वास येतो. ओल्या पेंढ्याचा वेगळा, वाळत्या भाताचा वेगळा.

नावं घालायची नाहीत असं वहिनींनी बजावलं आहे, म्हणून आमची ओळख अशीच करून देते. सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, आता सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांची काळी अॅटलस माझ्या बाबांच्या दुकानातून घेतलेली आहे. बँकेतल्या मॅडम सावंतवाडीच्या, बदली होऊन आल्या आणि आमच्यातल्याच झाल्या. भाचा वीस वर्षांचा, फोंड्याला इंजिनिअरिंग शिकतो, त्याच्या सायकलला एकवीस गिअर. वहिनी आमच्या शेजारच्या, शिवणकाम करतात. सायकल शिकल्या त्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आमच्या अंगणात, मी कॅरिअर धरून मागे पळत असताना. आणि मी.

चालवण्याचा नियम सरांनी घातलेला आहे. सगळ्यांत हळू माणूस पुढे, त्याच्या मागे बाकीचे, आणि शेवटी सर. म्हणजे पुढे वहिनी. पहिल्या वर्षी भाच्याला हे मान्य नव्हतं. तो पुढे निघून जायचा आणि वळणावर मोबाईल बघत उभा राहायचा. आम्ही पोचलो की तो लगेच निघायचा, म्हणजे त्याची विश्रांती झालेली आणि वहिनींची नाही. सरांनी त्याला त्यावर काही सुनावलं नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "तू आज वहिनींच्या मागच्या चाकापासून दोन हात अंतर ठेवून चालव. अंतर कमी नको, जास्त नको." तो आला संध्याकाळी घरी आणि मला म्हणाला, "मावशी, हे पुढे पळण्यापेक्षा कठीण आहे गं." तेव्हापासून तो मागेच असतो.

मयेचा रस्ता सकाळी थंड होता. वाड्यावाड्यावर दिवाळीत जाळायचे नरकासुराचे पुतळे उभे राहत होते. कुठे नुसता बांबूचा सांगाडा, कुठे कागद चिकटवून झालेले, एका ठिकाणी धड रस्त्याच्या एका बाजूला आणि राक्षसाचं डोकं दुसऱ्या बाजूला कट्ट्यावर सुकत ठेवलेलं. रात्रभर जागलेली पोरं तिथेच चटईवर झोपली होती. २०१२ साली खाणी बंद झाल्या तोवर आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांवर सायकल घालायची छाती नव्हती कुणाची. ट्रकांची रांग आणि लाल धूळ, झाडांची पानंसुद्धा लाल. बाबांच्या दुकानातल्या भाड्याच्या सायकली त्याच काळात पडून राहिल्या. आता काही खाणी परत सुरू झाल्या आहेत, पण रविवारी पहाटे रस्ता आमचा असतो.

नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात दहा मिनिटं थांबलो. दरवर्षी थांबतो. हा देव मूळचा समोरच्या दिवाडीवरचा, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं आणि देव नदी ओलांडून इकडे आला. पुढे शिवाजी महाराजांनी १६६८ साली इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि कार्तिक वद्य पंचमी अशी तिथी आहे. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस. सरांनी हे दाखवलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं, की तेसुद्धा सरद घरात आल्यावरचं काम आहे. पाऊस संपलेला, माणसं शेतातून मोकळी झालेली, मगच दगड-चुन्याला हात. मॅडमनी दर वर्षीप्रमाणे देवासमोर पाच मिनिटं डोळे मिटले आणि आम्ही धक्क्याकडे उतरलो.

फेरीबोटीवर आमच्या पाच सायकली, तीन स्कूटर, एक मासळीवाली आणि तिची टोपली. पाण्यावर पातळ धुकं होतं. वहिनी पहिल्यांदा या बोटीवर आल्या होत्या तेव्हा लोखंडी फळीवरून सायकल चढवताना त्यांचे पाय लटपटले होते. आता त्या स्वतः चढवतात आणि इतरांना बाजूला व्हायला सांगतात.

दिवाडीला उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेतजमीन, समुद्रसपाटीला टेकलेली, खारट. रस्ता त्या शेतांच्या मधून सरळ जातो, चढ नाही, सावली नाही, बगळे भरपूर. वहिनी खुशीत होत्या, घंटी वाजवत होत्या, आणि अर्ध्या वाटेवर त्यांचं मागचं चाक बसलं.

"वहिनी, उतरा," सर मागून ओरडले. "रिमवर चालवू नका, ट्यूब कापेल."

रस्त्याकडेला एक घर होतं, पुढे ताडपत्रीवर भात पसरलेलं. पन्नाशीची एक बाई सुपाने भात उचलून उंचावरून खाली सोडत होती आणि तिच्या बाजूला ओसरीतून लांब वायर ओढून एक उभा पंखा लावलेला होता. वारा पडला होता ना, म्हणून पंख्याने वारवण. भात खाली पडत होतं, फोल आणि कूस उडून लांब जात होती. मी तिच्याकडे बालदीभर पाणी मागितलं. तिने सूप खाली ठेवलं, विहिरीवरून बालदी आणून दिली, आणि आमच्या तोंडांकडे बघून म्हणाली, "बसात मातशें. कशाक इतली घाय?"

आता पंक्चर. माझ्या बाबांचं डिचोलीत सायकलचं दुकान होतं. दहा भाड्याच्या सायकली, तासाला आठ आणे, मोठ्या माणसांसाठी अॅटलस आणि हर्क्युलिस, आणि पोरांसाठी दोन छोट्या. मला दोन भाऊ आहेत, पण पंक्चर काढायला बसायचे ते मला घेऊन, कारण माझी बोटं बारीक होती आणि टायरच्या आत फिरायची. मी दहावीला जाईपर्यंत माझ्या हातून किती पंक्चरं निघाली असतील कोण जाणे. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यांची हत्यारं एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि तो डबा मी प्रत्येक फेरीला कॅरिअरला बांधून नेते. आजपर्यंत उघडायची वेळ आली नव्हती. भाच्याने खिशातून तयार पॅचचं पाकीट काढलं होतं, पण मी त्याला म्हटलं, "थांब. आज बघ."

सायकल उलटी केली, सीटवर आणि हँडलवर उभी. चाक काढायचं नाही. मागचं चाक काढलं की चेन, स्टँड, मडगार्डच्या काड्या, सगळं परत बसवावं लागतं आणि बाबा ते उगाचचं काम समजायचे. वॉल्व्हचा नट सैल केला, वॉल्व्ह आत ढकलला, लिव्हर घालून टायरची एकच बाजू रिमवरून उतरवली आणि ट्यूब बाहेर ओढली. सरांनी फ्रेमला बांधलेला लोखंडी पंप सोडवून दिला. थोडी हवा भरून ट्यूब बालदीत वीतवीत बुडवत गेले. बुडवायची आणि दोन्ही हातांनी किंचित ताणायची, नाहीतर बारीक भोक पाण्यात मिटून राहतं. तिसऱ्या वितीला आला. मोहरीएवढा बुडबुडा, मग त्याच्यामागे दुसरा. वहिनी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगंबाई, एवढंसंच?"

बॉलपेनने खूण केली. ओढणीने पुसून कोरडी केली. पॉलिश पेपरने घासली, काळा चकचकीतपणा जाऊन राखाडी दिसेपर्यंत. सोल्युशन लावलं, आणि आता थांबायचं. हेच लोक करत नाहीत. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबतात आणि दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा हवा जाते. बाबा सोल्युशन लावून अर्धी विडी ओढायचे, बरोबर अर्धी, आणि मग बोटाची पाठ लावून बघायचे. चिकटलं नाही पाहिजे. मी विडीऐवजी शंभर आकडे मोजले. पॅच जुन्या ट्यूबचा कापलेला, गोल, चौकोनी कधीच नाही, कारण कोपरा असला की तो उचलला जातो. दाबला, हातोडीच्या दांड्याने चोळला.

आणि मग टायर. भाचा ट्यूब आत कोंबायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. टायरच्या आतून बोट फिरवत गेले, हळूहळू, आणि खुणेच्या बरोबर समोर काहीतरी टोचलं. तारेचा तुकडा होता, केसाएवढा जाड, बाहेरून दिसतसुद्धा नव्हता. वहिनींनी पर्समधून सेफ्टी पिन काढली, शिवणकामवाल्या बाईकडे पिन असतेच, आणि त्यांनीच तो उचकटून काढला. स्वतःच्या तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. कशाला ते मी विचारलं नाही.

माझा हा उद्योग चालला होता तोवर मॅडमनी आपणहून सूप उचललं होतं. त्यांच्या घरी सावंतवाडीला शेती होती, हात बसलेला होता. भाच्याला त्या बाईने खराट्याने भात आवरायला लावलं आणि दहा मिनिटांत तो कुसेने अंग खाजवायला लागला. सर पायरीवर बसून तिच्याशी बोलत होते. कापणीचं यंत्र आलं होतं म्हणाली, पण तिच्या शेताच्या या कोपऱ्यात अजून चिखल आहे, यंत्र रुतलं असतं, म्हणून तेवढा तुकडा हाताने कापला. कापायला माणसं नाहीत. मुलगा जहाजावर असतो, त्याने पाठवलेल्या पैशांतून यंत्राचं भाडं देते. गेल्या वर्षी पेरलंच नव्हतं. यंदा का पेरलं, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली की एक वर्ष शेत पड टाकलं आणि बाजूच्याच्या शेतातही उंदीर वाढले, गवत वाढलं, तो येऊन बोलला नाही पण तिला कळलं. मी हवा भरता भरता ऐकत होते. पंपाचा दांडा वरखाली करताना माझ्या कानात तेवढंच राहिलं.

निघताना पैसे द्यायचा प्रश्न नव्हताच. वहिनींनी तिच्या दंडाचं माप डोळ्यांनी घेतलं असणार, कारण म्हणाल्या, "नाताळाच्या आधी या बाजूला येईन मी." त्या येणार, मला माहीत आहे. आणि रिकाम्या हाताने येणार नाहीत.

पुढचा दिवाडी, पिएदादचा चढ, दुसरी बोट, व्हाइसरॉयच्या कमानीखालून जुन्या गोव्यात शिरणं, हे सगळं दरवर्षीसारखं. कमानीखालून सायकलने जायला मला आवडतं, एवढंच. जुन्या गोव्यात चहा आणि भजी. तिथून रायबंदरपर्यंतचा रस्ता या फेरीतला सगळ्यांत वाईट भाग. गाड्या, खोदलेली कड, आणि पाइप टाकून वर नुसती माती लोटलेली. मॅडमचं पुढचं चाक त्या मातीत गेलं आणि त्या कोपरावर पडल्या. खरचटलं, जास्त नाही. ज्यांनी तो चर खणला त्यांना तो नीट बुजवायला आणखी एक दिवस लागला असता. एका दिवसाचं काम. मी जखम धुऊन पट्टी बांधली आणि रायबंदरपर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. त्यात वेळ गेला तो गेला.

चोडणला आता रो-रो बोटी आल्या आहेत, २०२५ च्या पावसाळ्यात सुरू झाल्या. पूर्वीच्या बोटीला जेवढा वेळ लागायचा त्याच्या अर्ध्यात पलीकडे. सायकलवाल्याला ती घाई बोचते, पण चोडणच्या माणसाला रोज कामावर जायचं असतं, त्याने किती वर्षं रांगेत काढली आहेत, त्यामुळे मला ती बोट आली याचा आनंदच आहे. उतरल्याबरोबर डाव्या-उजव्या हाताला खारफुटी, पक्ष्यांचं सलीम अली अभयारण्य, आणि दोन खंड्या एकाच तारेवर.

चोडण माझं आजोळ.

इथेच मला थोडं सांगायला हवं. आजीचं खाजन बांधाला लागून होतं. त्यात कोरगूट लावायचे, खाऱ्या मातीत तग धरणारं भात, उंच वाढणारं. वर्षाला दोन खंडी यायचं. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की बाहेरचंच पाणी त्या दाबून बंद करतं. माणसाने उघडझाप करायला नको. लहानपणी मी मामाबरोबर रात्री मानशीवर जायची, जाळं लावलेलं असायचं, पेट्रोमॅक्सच्या उजेडात सुंगटं, म्हणजे कोळंबी, उडताना दिसायची. तो बांध सहा वर्षांपूर्वी एका जागी फुटला. खांड पडली. तेव्हा आजी नव्हती, मामा मुंबईला, आई माझ्याकडे, मी दुकानात. आम्हाला निरोप आला होता. बघू म्हटलं, पाऊस संपू दे म्हटलं. पहिल्या वर्षी खारं पाणी आत शिरलं, दुसऱ्या वर्षी काहीच उगवलं नाही, तिसऱ्या वर्षी खारफुटीची रोपं आली. खारफुटी एकदा रुजली की ती तोडायला कायद्याने बंदी. ती असायला हवी, नदीकाठाला हवीच, माशांची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. पण ती आमच्या शेतात आली, कारण आम्ही तिला जागा करून दिली.

गेली चार वर्षं मी या रस्त्याने जाताना उजवीकडे नदीकडे बघत गेले. शेत डावीकडे आहे.

यंदा भाच्याने विचारलं. "आजीच्या माहेरचं शेत कुठलं गं मावशी? आई म्हणते चोडणला होतं."

होतं. मी ब्रेक दाबला. सर मागे होते, ते काही न बोलता उतरले. सायकली रस्त्याला लावून आम्ही बांधावर चढलो आणि चालत गेलो. मेरेवरचा, म्हणजे शेताच्या हद्दीवरचा, माड अजून उभा आहे, थोडा वाकला आहे, त्यामुळे मला जागा सापडली. माडाच्या अलीकडे पिवळं शेत, निम्मं कापलेलं. माडाच्या पलीकडे माझ्या डोक्यावरून वाढलेली खारफुटी आणि तिच्या बुडाशी चिखलातून वर आलेली शेकडो मुळं. खेकडे. पाणी थांबलेलं नव्हतं, ओहोटी लागली होती, खांडीतून ते आवाज करत बाहेर जात होतं. भाच्याने फोन काढला होता, मग तो त्याने परत खिशात ठेवला.

अलीकडच्या शेतात एक गृहस्थ पेंढ्या बांधत होते. त्यांनी मला ओळखलं नाही, आजीचं नाव सांगितल्यावर ओळखलं. मी विचारलं, ही खांड बुजवता येईल का? त्यांनी पेंढी पुरती बांधली, मगच उत्तर दिलं. एका घराचं काम नाही, म्हणाले. चिखल, दगड, माणसं, ओहोटीचे मोजके तास, सगळं जुळावं लागतं. सरकारकडे अर्ज करावा लागतो. खारफुटी आली तिथलं आता काही होणार नाही, पण खांड तशीच राहिली तर दोन-तीन वर्षांत त्यांचंही शेत जाईल. आणि मग, आवाज न चढवता, "बांधाचं बघणाऱ्या टेनंट असोसिएशनच्या, कुळांच्या संघाच्या, बैठकीला तुमच्या घरातून कोणी येत नाही, बाय."

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. दिवाडीवरच्या बाईचं बोलणं मला आठवत होतं. तिचा शेजारी बोलला नव्हता तरी तिला कळलं. माझा शेजारी सहा वर्षं थांबला आणि बोलला, तेही मी विचारलं तेव्हा.

"पुढची बैठक कधी आहे?" मी विचारलं.

"डिसेंबरात. तारीख कळवतो. नंबर द्या."

मी नंबर दिला. भाच्यानेही दिला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी बांधावर बसून पायातला चिखल काडीने काढत होत्या, त्या म्हणाल्या, "रविवारी ठेवा म्हणावं. सायकलने येऊ."

त्या गृहस्थांनी उभ्या पिकातून मूठभर कणसं विळ्याने कापली, पेंढ्याच्याच काडीने बांधली आणि माझ्या हातात दिली. मी ती हँडलला बांधली. चोडणचा पूल, मयेचा चढ, दुपारचं ऊन डोक्यावर. मॅडमचं कोपर आता दुखायला लागलं होतं, म्हणून पुढे वहिनींऐवजी मॅडम आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. डिचोलीला पोचायला दीड वाजला. ढग आले होते पण पाऊस पडला नाही.

आई एक्याऐंशी वर्षांची आहे. दिसतं कमी, डोळ्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनसुद्धा. ती ओसरीवर बसली होती. मी काही न सांगता कणसं तिच्या हातात दिली. तिने आधी नाकाशी नेली. मग एक कणीस दोन्ही तळहातांत चोळलं, फुंकर घातली, एक दाणा दातांखाली धरून सोलला आणि जिभेवर फिरवला.

"कोरगूट," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "माडाच्या अलीकडचं की पलीकडचं?"

"अलीकडचं," मी सांगितलं, आणि तिच्याजवळ पायरीवर बसले.